उणे दोन तासांत टाकी भरणाऱ्या सरांस

सर,



दहावीच्या गणितातली शाब्दिक उदाहरणं मुलांना न वाचताच सोडवता यावीत, अशी सोय तुम्ही करून दिलीत. त्या सोयीची किंमत कोण मोजतंय, हे सांगण्यासाठी हे अनावृत पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, कारण त्याची गरज नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावात, बसस्टँडमागच्या प्रत्येक गल्लीत तुमचा एक तरी अवतार आहे. पत्र वाचणाऱ्या पालकांना आपापले सर बरोबर ओळखू येतील.

संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसणाऱ्या मुलांच्या दप्तरातून पाठ्यपुस्तकाच्या आधी तुमची नोट बाहेर पडते. ‘वर्गसमीकरणे : शाब्दिक उदाहरणे’ असं शीर्षक आणि खाली ओळीने टाईप. वयाचा टाईप, क्रमागत संख्यांचा टाईप, नळ-टाकीचा टाईप, आगगाडीचा टाईप, नाव-प्रवाहाचा टाईप. प्रत्येक टाईपखाली तयार समीकरण, त्यात आकडे भरायला रिकाम्या जागा, आणि शेवटी जाड ठशात एक आज्ञा : ऋण किंमत सोडून द्यावी. समासात मुलांनी तुमचं तोंडी वाक्यही उतरवून घेतलंय : ‘उदाहरण वाचत बसू नका, टाईप ओळखा.’

पालकांकडून वर्षाची फी आगाऊ घ्यायची आणि त्यांच्या मुलांना ‘वाचू नका’ असं शिकवायचं, याला धाडस लागतं. तुमच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. ते कुठवर पोचलंय, हे मी मुलांच्या वह्यांमध्ये रोज बघते. त्यातलं थोडं तुमच्यासमोर ठेवते.

नळ-टाकीपासून सुरुवात करू, कारण तो तुमचा लाडका टाईप. दोन नळ एकदम सोडले तर टाकी २ तासांत भरते. एकट्या लहान नळाला मोठ्या नळापेक्षा ३ तास जास्त लागतात. तर प्रत्येक नळाला स्वतंत्रपणे किती वेळ लागेल? तुमची नोट सांगते : मोठ्या नळाला क्ष तास माना. मग १/क्ष + १/(क्ष + ३) = १/२. सोपं रूप दिलं की क्ष² − क्ष − ६ = ०. क्ष = ३ किंवा क्ष = −२. उणे दोनवर काट मारा, मोठ्याला ३ तास, लहानाला ६ तास, गुण खिशात.

आता एका मुलीची वही. तिने उदाहरण नीट वाचलं. लहान नळाबद्दल आधी सांगितलंय, म्हणून तिने लहान नळालाच क्ष मानलं आणि मोठ्याला क्ष − ३. यात काहीही चूक नाही. समीकरण आलं १/क्ष + १/(क्ष − ३) = १/२, म्हणजे क्ष² − ७क्ष + ६ = ०. अवयवही तिने सफाईने पाडले : (क्ष − ६)(क्ष − १) = ०. क्ष = ६ किंवा क्ष = १. इथपर्यंत अक्षर ठळक, एकही खाडाखोड नाही. त्यापुढे खोडरबराने घासून कागद पातळ झालेला. कारण तिने तुमची आज्ञा पाळायला ऋण किंमत शोधली, आणि ती सापडेना. दोन्ही धन. आता सोडायची कोणती? शेवटी तिने बरोबर आलेलं अख्खं गणित खोडलं आणि तुमच्या नोटेतलं समीकरण उतरवून काढलं. मी विचारलं तर म्हणाली, ‘माझं चुकलं होतं, बाई. सरांसारखं येत नव्हतं.’

तिचं काहीही चुकलं नव्हतं, सर. तिला हवं होतं एकच वाक्य : लहान नळाला १ तास मानला तर मोठ्या नळाला १ − ३ म्हणजे −२ तास लागतील, आणि असा कोणताही नळ नसतो. त्याहून सरळ कारणही होतं, ज्याला समीकरणाचीसुद्धा गरज नाही. दोन्ही नळ मिळून टाकी भरायला २ तास घेतात, मग त्यातला एकटा नळ ती १ तासात कशी भरेल? हे पाचवीतल्या पोराला कळतं. दहावीतल्या मुलीला कळलं नाही, कारण नळ म्हणजे नळ आणि टाकी म्हणजे टाकी याचा विचार करायचा असतो, हेच तुम्ही तिला कधी कळू दिलं नाहीत. टाकी किती तासांत भरेल याला सामान्य समज लावायची हिंमत तिच्यात होती. ती हिंमत तुमच्या जाड ठशातल्या एका ओळीने मोडली.

हीच आज्ञा दुसऱ्या बाजूनेही नुकसान करते. दोन क्रमागत सम पूर्णांकांचा गुणाकार ४८ आहे, तर त्या संख्या काढा. क्ष(क्ष + २) = ४८, क्ष = ६ किंवा क्ष = −८. तुमची मुलं डोळे मिटून −८ वर काट मारतात आणि ६ व ८ लिहून मोकळी होतात. पण उदाहरणात ‘पूर्णांक’ असा शब्द आहे. −८ आणि −६ हेही क्रमागत सम पूर्णांक आहेत, त्यांचाही गुणाकार ४८ होतो. अर्धं उत्तर फेकून दिलं गेलं. एका मुलाने तर त्या काटेखाली लिहिलं होतं, ‘वय ऋण असू शकत नाही.’ उदाहरणात वय नव्हतंच. वयाच्या टाईपमधलं पाठ केलेलं कारण त्याने संख्यांच्या टाईपला चिकटवलं. त्याला हसू नका. तो तुम्ही शिकवल्याप्रमाणेच वागला.

म्हणजे टाकायला हवी ती किंमत तुमच्या नियमाने टाकता येत नाही, आणि ठेवायला हवी ती ठेवता येत नाही. कारण अगदी साधं आहे. कुठलं मूळ ठेवायचं हे त्याच्या चिन्हावरून ठरत नाही. ते मूळ प्रश्नात नेऊन ठेवल्यावर तिथल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ उरतो का, यावरून ठरतं. प्रश्न वाचायचाच नसेल तर हे ठरवणार कसं?

हे काही नवं शास्त्र नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला, आणि त्याची नोंद करणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथे सापडला. म्हणजे शाब्दिक उदाहरणांचा क्लास महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वीसुद्धा होता. तिथे काय शिकवलं जात असेल, हे भास्कराचार्यांच्या दोन उदाहरणांवरून कळतं.

‘बीजगणित’ ग्रंथातलं पहिलं उदाहरण माकडांच्या कळपाचं. कळपाच्या एक अष्टमांशाच्या वर्गाइतकी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती? (क्ष/८)² + १२ = क्ष. उत्तरं दोन येतात, ४८ आणि १६. ४८ माकडं असतील तर ६ चा वर्ग ३६ रानात आणि १२ टेकडीवर. १६ असतील तर २ चा वर्ग ४ रानात आणि १२ टेकडीवर. दोन्ही जुळतात, म्हणून भास्कराचार्यांनी दोन्ही ठेवली.

दुसरं उदाहरणही माकडांचंच. कळपाच्या एक पंचमांशातून ३ वजा करायचे, येईल त्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर चढलेलं दिसतंय. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. इथेही दोन उत्तरं, ५० आणि ५. दोन्ही धन, दोन्ही पूर्ण संख्या, समीकरणात दोन्ही चपखल बसतात. पण भास्कराचार्यांनी ५ नाकारले. कळपात ५ माकडं मानली तर पंचमांश १, आणि १ मधून ३ वजा केले तर −२ उरतात. गुहेकडे निघालेल्या माकडांच्या रांगेत उणे दोन माकडं उभी करता येत नाहीत. अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, अशा अर्थाचं कारण त्यांनी तिथेच नोंदवून ठेवलं.

दोन्ही उदाहरणांची बांधणी सारखीच, तुमच्या भाषेत टाईप एकच. दोन्हींत दोन-दोन धन मुळं. एकीकडे दोन्ही राहिली, दुसरीकडे एक गेलं. हा फरक समीकरणाकडे बघून कळत नाही, माकडांकडे बघून कळतो. बाराव्या शतकात कारण लिहिलं जात होतं. एकविसाव्या शतकात, वातानुकूलित वर्गात आणि स्मार्ट बोर्डवर, तुम्ही ते लिहिणं बंद केलंत.

टाईपचं हे बी तुम्ही एकट्याने पेरलं नाही, हे मला मान्य आहे. तिसरी-चौथीपासून ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, पेक्षा जास्त म्हणजे अधिक’ असे खुणेचे शब्द घोकून मुलं तुमच्यापर्यंत येतात. सईकडे ४५ बोरं आहेत, ती राघवकडच्या बोरांपेक्षा १२ ने जास्त आहेत, तर राघवकडे किती? ‘जास्त’ शब्द दिसताच मुलं ५७ लिहितात. उत्तर ३३. कमी बोरं असलेल्या राघवला त्यांनी सईपेक्षा श्रीमंत करून टाकलं आणि कुणाला काही खटकलं नाही. हे न खटकणं हाच मूळ रोग आहे. तुम्ही त्यावर उपचार करायला हवे होते, तुम्ही त्याचा धंदा केलात.

या रोगाची नोंद जगभर झालेली आहे. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संशोधन संस्थेने प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना प्रश्न विचारला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी त्या आकड्यांची काहीतरी क्रिया करून वय काढून दिलं. त्यावर स्टेला बारूक यांनी १९८५ साली ‘कप्तानाचं वय’ याच नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. ही मुलं मंद नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला आकड्यांतून काहीतरी उत्तर काढायचंच असतं, हे ती शिकली होती. प्रश्नालाच उलटं विचारता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेत १९८३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात आणि ११२८ सैनिकांना न्यायचंय, तर किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ बस हे उत्तर जेमतेम २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्के मुलांनी ‘३१ बाकी १२’ बस मागवल्या. १८ टक्क्यांनी ३१ च बस पाठवल्या आणि १२ सैनिकांना रस्त्यावर सोडलं. हातचे, बाकी, सगळं बरोबर. चुकलं ते भागाकार संपल्यावर. उत्तर घेऊन पुन्हा प्रश्नापाशी जायचं असतं आणि तिथे बस आहे, माणसं आहेत, हे बघायचं असतं. तेवढं एक पाऊल राहिलं. तुमच्या नोटेत ते पाऊल छापलेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, मी ताळा घ्यायला सांगतो. हो, सांगता. काढलेली किंमत समीकरणात घालून बघा, इतकंच सांगता. पण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर काय? आलेली किंमत त्याच समीकरणात घालून बघणं म्हणजे आरोपीलाच साक्षीदार म्हणून उभं करणं. ताळा घ्यायचा तो उदाहरणाच्या मूळ वाक्यांशी.

याचाही पुरावा वहीत आहे. एक आगगाडी ३६० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर तिला १ तास कमी लागला असता. वेग काढा. एका मुलाने मांडलं : ३६०/(क्ष + ५) − ३६०/क्ष = १. त्यातून आलं क्ष² + ५क्ष + १८०० = ०. विवेचक काढला तर २५ − ७२००, म्हणजे ऋण. वास्तव मूळच नाही. इथे त्या मुलाच्या हाती सोनं लागलं होतं. समीकरण ओरडून सांगत होतं की अशी गाडी असूच शकत नाही. त्याने आपलं वाक्य परत वाचलं असतं तर त्याला दिसलं असतं, की त्याने जास्त वेगाच्या गाडीला जास्त वेळ लावलाय. वजाबाकी उलटी झालीय, एवढंच. पण त्याने नोट उघडली. नोटेतल्या आगगाडीच्या टाईपात शेवटच्या पदाआधी वजाचं चिन्ह होतं. त्याने +१८०० चं −१८०० केलं, मधली पायरी तशीच चुकीची ठेवली, आणि क्ष = ४० लिहून टाकलं.

उत्तर बरोबर आहे. ताशी ४० किलोमीटरने ३६० किलोमीटरला ९ तास, ताशी ४५ ने ८ तास, फरक १ तास. पण हा ताळा त्याच्या वहीत कुठेच नाही. त्याच्यासाठी ४० हे गाडीचा वेग नव्हतंच, ते टाईपचं उत्तर होतं. चूक स्वतः पकडण्याची संधी पोराच्या हातात आली होती, आणि त्याने ती झाकली. चूक झाकायला तो तुमच्याकडेच शिकला. गणितात यापेक्षा मोठं नुकसान मला माहीत नाही.

आता तुमचा बचाव. तो मला पाठ आहे, कारण पालकसभेत तुम्ही तो दरवर्षी मांडता.

पहिला मुद्दा, वेळ नसतो. बरं, हिशेब करू. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि वेळ २ तास. म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं आणि ४ गुणांच्या शाब्दिक उदाहरणाला १२ मिनिटं. त्यातलं एक मिनिट उदाहरण दुसऱ्यांदा वाचायला आणि एक मिनिट उत्तराचा ताळा घ्यायला दिलं, तरी १० मिनिटं हातात राहतात. वर्गसमीकरणाचे अवयव पाडायला तेवढी पुरतात. वेळ जातो तो टाईप आठवण्यात. सगळे साचे डोक्यात खेळवायचे, त्यात हा कुठला ते चाचपडायचं, आणि परीक्षेत साच्याबाहेरचं उदाहरण आलं की घाबरून पान उलटायचं. तुमच्या मुलांना वेळ पुरत नाही, त्याचं कारण तुम्हीच आहात.

दुसरा मुद्दा, बोर्डाला ठरावीक पायऱ्या हव्या असतात. बोर्डाला पायऱ्या हव्यात, तुमच्याच पायऱ्या हव्यात असं नाही. रीत वेगळी पण बरोबर असेल तर परीक्षकाने गुण द्यायचे असतात. खोडरबराने घासलेल्या त्या पानावरच्या गणिताला, फक्त एक कारण लिहिलं असतं, तर पूर्ण गुण मिळाले असते. चौकटी भरायच्या कृती पेपरात असतात हे खरं. म्हणून सगळं गणितच चौकटीत कोंबायचं का?

तिसरा मुद्दा, मुलांची भाषा कच्ची आहे. हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गातली मुलं गणित इंग्रजीतून वाचतात, घरी मराठी बोलतात. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या घरी आणखी वेगळी बोली. ‘अमक्याच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ असलं वाक्य त्यांना दोन भाषांचे उंबरे ओलांडून समजून घ्यावं लागतं. अशा मुलाला वाक्य फोडून दाखवायची गरज सर्वांत जास्त असते. कुणाचं दुप्पट? कमी कोण आहे? आधी दुप्पट करायची की आधी तीन कमी करायचे? आपल्या बोलीत सांग. चित्र काढ. ज्याला वाचनाची मदत हवी होती, त्याला तुम्ही सांगितलंत की वाचूच नकोस. ज्यांच्या घरी वाचून दाखवणारं कुणी आहे, ती मुलं तुमच्याशिवायही तरतील. ज्यांच्या घरी कुणी नाही, त्यांचे आईबाप पोटाला चिमटा काढून तुमची फी भरतात. त्यांच्याच मुलांना तुम्ही शब्दांपासून तोडलंत.

चौथा मुद्दा, निकाल. क्लासबाहेरच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो असतात आणि तुम्ही तिकडे बोट दाखवता. त्या मुलांचं मला कौतुकच आहे. पण अकरावी विज्ञानाला गेल्यावर भौतिकशास्त्राचं पहिलं उदाहरण समोर येतं, आणि त्याला टाईप नसतो. तिथे त्याच मुलांच्या तोंडून ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य येतं. त्यांना गणित जमत नाही हे खोटं आहे. त्यांना गणित कधी करूच दिलं नाही, हे खरं आहे. त्या फ्लेक्सवर अशा मुलांसाठी एक कोपरा ठेवायला हरकत नाही.

आणि गणित अकरावीत संपतही नाही. दहावीच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत. कर्जाच्या कागदावर ‘महिन्याला दोन टक्के’ लिहिलेलं असतं तेव्हा वर कुठला टाईप ते लिहिलेलं नसतं. औषधाची मात्रा वजनाप्रमाणे काढायची असते तेव्हा उत्तराची सूची मागे छापलेली नसते. आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय नसेल तर माणूस कुणाच्याही आकड्यावर सही करतो. त्रिकोणमितीत झाडाची उंची ४०० मीटर काढून शांतपणे खाली दोन रेघा ओढणारं मूल उद्या कुणाच्या तरी हिशेबाखालीही तितक्याच शांतपणे सही करील. त्याला आजच थांबवायला हवं, आणि तेही ओरडून नाही. तुझ्या शाळेची इमारत किती उंच आहे, एवढं विचारलं तरी पुरतं.

तुमच्याकडून काय हवं, तेही लिहिते. फक्त दोष देऊन पत्र संपवलं तर तुम्हाला ते फाडणं सोपं जाईल.

नोटेतली ‘ऋण किंमत सोडून द्यावी’ ही ओळ काढा. तिथे लिहा : प्रत्येक किंमत प्रश्नात ठेवून पाहा, सोडली तर कारण लिहा, ठेवली तरी कारण लिहा. कारणात त्या उदाहरणातली वस्तू आली पाहिजे. नळ, गाडी, माकड, मजुरी, जे असेल ते. वस्तूचं नाव नसलेलं कारण पाठांतराचं समजा.

आठवड्यातून एक उदाहरण दोनदा सोडवून घ्या, दुसऱ्या वेळी क्ष वेगळ्याला मानून. मोठ्या नळाला क्ष मानून आलेली मुळं ३ आणि −२, लहान नळाला मानून आलेली ६ आणि १. मुळं बदलली, नळ बदलले नाहीत. हे शेजारी-शेजारी फळ्यावर दिसलं की क्ष म्हणजे काय, हे मुलांना कायमचं कळतं. त्यावर निराळं व्याख्यान लागत नाही.

सोडवायच्या आधी अंदाज लिहून घ्या. दोन्ही नळांना मिळून २ तास लागतात, मग एकट्याला कमी लागतील की जास्त? गाडी ताशी ४० ने जाईल की ४०० ने? अंदाज चुकला तर चुकू दे. अंदाज बांधलेलं मूल उत्तराशी भांडू शकतं.

अधूनमधून माहिती अपुरी असलेलं एखादं उदाहरण द्या आणि ‘हे सोडवता येणार नाही, कारण...’ अशा वाक्याला पूर्ण गुण द्या. कप्तानाचं वय काढायला नकार देणारं मूल वर्गातलं सर्वांत हुशार मूल असतं. तुमच्या वर्गात आज त्याला शून्य मिळतं.

आणि मुलांकडूनच उदाहरणं रचून घ्या. असं सांगा, की दोन्ही मुळं धन येतील पण एक टाकावंच लागेल, असं उदाहरण तयार करा. पहिल्या दिवशी कुणाला जमणार नाही. आठवड्याने कुणीतरी दुधाच्या रतीबाचं, कुणी सोयाबीनच्या पोत्यांचं, कुणी कबड्डीच्या गुणांचं उदाहरण घेऊन येईल. ज्याला उदाहरण रचता येतं, त्याला टाईपची भीती राहत नाही.

जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९४५ साली गणित कसं सोडवावं यावर एक पुस्तक लिहिलं. त्याने सांगितलेले टप्पे चार : प्रश्न समजून घेणं, वाट ठरवणं, त्या वाटेने जाणं आणि मागे वळून पाहणं. तुमची नोट फक्त तिसऱ्या टप्प्याची आहे. पहिला आणि दुसरा तुम्ही मुलांसाठी आधीच उरकून टाकलात, चौथा विसरलात. चारपैकी एक शिकवून पूर्ण फी घेता, एवढा हिशेब तरी तुम्हाला टाईप न बघता करता यावा.

पुढची बॅच जूनमध्ये बसेल. पहिली चाचणी झाली की पेपर वाटताना प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारा : ही किंमत तू का टाकलीस? जो मुलगा, जी मुलगी नळाबद्दल, गाडीबद्दल, माणसांबद्दल काही सांगेल, तिथे तुमचं शिकवणं पोचलं असं धरा. ‘सरांनी सांगितलं म्हणून’ असं उत्तर ज्याच्याकडून येईल, त्याची फी त्याच दिवशी परत करा. मूळ रक्कम पुरे, व्याज नको.

कळावे,

दहावीच्या मुलांना गणित शिकवणारी एक शिक्षिका